बी पेरून लॉन: माती, पाणी आणि गणपतीनंतरची डागडुजी

पुण्यात लॉन करायचं म्हटलं की लोक दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर सोलापूर रोडला उरुळी कांचन, सोरतापवाडीकडच्या नर्सऱ्यांमधून टेम्पो भरून तयार गवताच्या शीट मागवतात आणि संध्याकाळच्या आत सगळं हिरवंगार करून ग्रुपवर फोटो टाकतात, नाहीतर माळीमामांना सांगून गवताचे ठोंब चार-चार बोटांवर टोचून घेतात. बी पेरते म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग "उगवत नाही हो ते" असं अगदी खात्रीने सांगतो, त्याने स्वतः कधी पेरलेलं नसतं तरीही. आमच्याकडे पाषाण-सूस रस्त्याच्या बाजूला रो हाउसेसची सोसायटी आहे, मध्ये साधारण १२०० स्क्वेअर फुटांचा मोकळा प्लॉट, आणि गार्डनचं काम माझ्याकडे, कारण त्या मीटिंगला मी उशिरा पोचले आणि बाकीची सगळी कामं तोपर्यंत वाटून झाली होती.

बी का, तर पैसे वाचतात हे आहेच पण माझं मुख्य कारण वेगळं आहे. शीट येते ती कुठल्यातरी शेतातल्या मातीच्या थरासकट येते. ती आपल्या वेगळ्याच मातीवर पसरली की मुळं बऱ्याचदा त्या वरच्या बोटभर थरातच फिरत राहतात, खाली उतरायला तयार नसतात, आणि एप्रिलमध्ये दोन दिवस पाणी चुकलं की शीटचे जोड उघडे पडून चौकोन चौकोन दिसायला लागतात. बी ज्या मातीत पडतं तिथेच मूळ सोडतं. मात्र ती माती नीट करून द्यायची जबाबदारी आपली, आणि लोक "उगवत नाही" म्हणतात त्याचं नव्वद टक्के कारण तिथेच आहे, पाकिटात नाही.

तरी पाकिटाबद्दल आधी बोलून घेऊ. ऑनलाइन जे "बारमाही हिरवं लॉन" म्हणून विकतात, मागे बंगला आणि पळणारं कुत्रं असा फोटो असतो, त्यातलं बरंच रायग्रास किंवा फेस्क्यू असतं, म्हणजे थंड हवेतलं गवत. नोव्हेंबरात पेरलं तर पुण्यात सुंदर उगवतं, जानेवारीत लोक येऊन विचारतात कुठून आणलं, आणि एप्रिलमध्ये ते संपतं. आपल्याकडे बी पेरून टिकणारं गवत म्हणजे बर्म्युडा, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे आपली हरळी. म्हणजे दूर्वाच. माझे सासरे शेतकरी घरातले, त्यांना हे कळलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते, म्हणाले "आमची हयात गेली हरळी खणून काढण्यात आणि तू पैसे देऊन पेरतेयस होय!" बाबांचं बरोबरच आहे, जमिनीखालून आणि जमिनीवरून दोन्हीकडून धावणारं, पेरापेराला मुळं फोडणारं हे गवत शेतात म्हणजे संकट, पण लॉनला नेमका हाच गुण लागतो. तुडवलं, कापलं, उन्हात भाजलं तरी परत येतं. त्याला फक्त सावली चालत नाही, दिवसाला निदान सहा तास कडक ऊन पाहिजेच.

पाकिटावर काय बघायचं तर जातीचं नाव, उगवणक्षमतेचा टक्का आणि तारीख. साल काढलेलं बी लवकर उगवतं, सालासकटचं रेंगाळतं. रंगीत लेप दिलेलं बी असेल तर वजनातला मोठा हिस्सा लेपाचाच असतो, तेव्हा प्रमाण त्या हिशोबाने वाढवायचं. साधं बी स्क्वेअर मीटरला सात-आठ ग्रॅम पुरतं, आमच्या प्लॉटला किलोभरात काम झालं. हे बी खसखशीएवढं असतं, किलोभरात तीस-चाळीस लाख दाणे येतात, त्यामुळे पिशवी हातात घेतल्यावर "एवढंसंच?" असं वाटतं आणि मग लोक हावरटासारखं दुप्पट टाकतात, दाट उगवतं, एकमेकांना श्वास घेऊ देत नाही आणि बुरशी लागून बसतं. पेरायच्या आधी पन्नास दाणे ओल्या टिश्यू पेपरवर ठेवून डबा झाकून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवावेत. गावाकडे सोयाबीनचं बी गोणपाटात ठेवून बघतात ना, तेच. आठवड्या-दहा दिवसांत निम्मेही फुटले नाहीत तर विक्रेत्याशी भांडायला आपल्याकडे पुरावा असतो.

आता वेळ. माती कोमट झाल्याशिवाय बर्म्युडा फुटत नाही, रात्री १५ डिग्रीच्या खाली जात असतील तर बी नुसतं पडून राहतं आणि मुंग्यांचं फावतं. आपल्याकडे होळी झाली की थंडी गेली म्हणतात, लॉनच्या बाबतीत ते अगदी चपखल बसतं. पण होळीला पेरू नका, सोसायटीत असाल तर रंगपंचमी उरकू द्या, नाहीतर पिचकाऱ्या, बादल्या आणि चाळीस पोरं त्या वाफ्यावरून जातील. दुसरी वेळ म्हणजे पाऊस गेल्या-गेल्या, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, ऑक्टोबर हीटमध्ये बी झटकन येतं, फक्त नोव्हेंबरच्या थंडीआधी त्याला अंग धरायला वेळ कमी मिळतो. जूनमध्ये पेरणं मला पटत नाही. सगळे म्हणतात पाऊस आहे ना, पाण्याची कटकट नाही, पण पहिल्या वळवाच्या सरीत बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं आणि उरलेल्या जागेत तण येतं. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात पाणी आहे त्यांनी मार्च, ज्यांच्याकडे नाही त्यांनी ऑक्टोबर, असं माझं सरळ मत आहे.

बरं, जमीन. इथे मी जरा सविस्तर सांगणार आहे कारण आमच्या प्लॉटमध्ये सगळे नमुने एकाच ठिकाणी होते. बिल्डरने काम संपवताना वर चार बोटं लाल माती पसरून दिली होती आणि ती बघून सगळे खूष. माळीमामांनी पहिल्याच दिवशी पहार घातली आणि "खण्ण" आवाज आला. ते म्हणाले, "ताई, ही माती न्हाय, ही चादर हाय. खाली बगा काय झाकलंय ते." खणलं तर विटांचे तुकडे, फरशीचे कपचे, प्लास्टरचे गठ्ठे, एक अख्खी सिमेंटची गोणी जशीच्या तशी दगड झालेली, आणि एका कोपऱ्यात इलेक्ट्रिकचे पाइप. पुण्यातल्या कुठल्याही नव्या स्कीममध्ये हा राडारोडा असतोच असं धरून चालावं. त्यात सिमेंट-चुना असल्यामुळे माती अजून अल्कधर्मी होते, आपली काळी माती आधीच त्या बाजूची, मग गवताला लोह मिळत नाही आणि ते पिवळं पडतं, आणि लोक युरिया टाकत बसतात. जागोजागी लांब स्क्रूड्रायव्हर खुपसून बघायची युक्ती सोपी आहे. ओल्या जमिनीत तो मुठीपर्यंत आरामात गेला तर ठीक, अर्ध्यातच अडला तर तिथे खणायचं, दुसरा उपाय नाही. आम्ही निदान सहा इंच खोल सगळं उपसलं, राडारोडा चाळून बाजूला काढला, आणि घमेल्यांचा हिशोब ठेवायचं मामांनी दुपारनंतर सोडून दिलं.

मग भर घालायची माती. मातीवाले ब्रासमध्ये बोलतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तर १२०० स्क्वेअर फुटांवर तीन इंच थर द्यायला ३ ब्रास लागतात, हे गणित स्वतः करून ठेवा, फोनवर समोरचा सहज पाच सांगतो. आणि माती बघून घ्या. कुठल्यातरी पायाच्या खोदकामातली फुकट माती कोणी देऊ केली तर मोहात पडू नका, तिच्यात गाजर गवताचं बी आणि लव्हाळ्याच्या गाठी फुकटच येतात. (गाजर गवताची भारतातली पहिली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातलीच मानतात. आपल्या शहराने देशाला काय काय दिलं त्या यादीत हे कोणी घेत नाही.) आम्ही पोयटा माती घेतली, तिच्यात चाळलेलं, नीट कुजलेलं शेणखत मिसळलं. कुजलेलं यावर जोर देतेय कारण कच्च्या शेणखतातून हुमणी येते, त्याबद्दल पुढे सांगतेच. काळ्या मातीत वाळू घालायचा सल्ला खूप जण देतात. थोडी वाळू घातली तर चिकणमाती आणखीच घट्ट बसते, फरक पडायला एवढी घालावी लागते की परवडत नाही, आणि आता मिळते ती क्रश सँड, तिच्यात भुकटी फार. त्यापेक्षा शेणखत-कंपोस्ट बरं.

उताराचं एक. दर दहा फुटाला दीड-दोन इंच असा हलका उतार घरांपासून लांब काढायचा. दोरी आणि लेव्हल ट्यूब घेऊन गवंडी पाच मिनिटांत दाखवतो. माती टाकल्यावर भरपूर पाणी मारून ती बसू द्यायची, खड्डे पडतात तिथे परत भर, परत पाणी. आणि हे झालं की लगेच पेरायचं नाही, इथे सगळ्यांचा धीर सुटतो. दोन-तीन आठवडे नुसतं पाणी देत राहायचं आणि जे तण उगवायचं ते उगवू द्यायचं. सेक्रेटरींनी रोज मेसेज केला, "मॅडम गवत आलं वाटतं?", अहो ते गवत नाही, तेच तर काढायचंय. वर आलेलं तण वाफसा बघून खुरपून टाकायचं, पण फार खोल नाही, नाहीतर खालचं झोपलेलं बी वर येतं. लव्हाळ्याचं मात्र वेगळं. त्याचं पान ओढलं की पान हातात येतं आणि गाठ खाली हसत बसते, तिथून दोन नवे कोंब. ओल्या मातीत खुरपं तिरकं घालून गाठीसकट, गाठीला लागलेल्या पुढच्या गाठीसकट काढायचा. पेरणीनंतर हे करता येत नाही, कारण कोवळं लॉन त्याच्याबरोबर उपटलं जातं. त्यामुळे जेवढा लव्हाळा आधी निघेल तेवढी पुढची वर्षं सुखाची.

पेरणीचा दिवस त्या मानाने अगदीच छोटा. वारा नसेल अशी सकाळ बघायची, पुण्यात मार्चमध्ये दुपारनंतर वारा सुटतोच. दंताळ्याने वरची माती भुसभुशीत करून बारीक रेघा ओढून घ्यायच्या. बी चारपट कोरड्या वाळूत कालवायचं, मग त्याचे दोन भाग, एक भाग पूर्व-पश्चिम चालत फेकायचा, दुसरा दक्षिणोत्तर. मामांचा हात बघण्यासारखा होता, मनगट न हलवता नुसत्या बोटांच्या फटीतून वाळू सुटत होती आणि पायांची गती एकसारखी. माझ्या बाजूला मात्र ढीग पडत होते म्हणून मी दंताळं घेतलं. दंताळ्याची उलटी बाजू हलकेच फिरवायची, बी पाव इंचापेक्षा खाली जाता कामा नये, थोडे दाणे वर दिसले तरी चालतात. मग वरून चाळलेल्या कंपोस्टचा अगदी पातळ पडदा आणि लाकडी फळी ठेवून तिच्यावरून चालायचं, म्हणजे बी मातीला चिकटतं. रोलर असेल तर उत्तमच. खत म्हणून याच वेळी मातीत सिंगल सुपर फॉस्फेट मिसळलेलं होतं, मुळांसाठी, बाकी काही नाही.

आणि पाणी! इथे खरं लॉन उगवतं किंवा मरतं. पहिले दोन-तीन आठवडे वरची अर्धा इंच माती एकदाही कोरडी पडता कामा नये. फुगलेलं बी एकदा वाळलं की संपलं, त्याला दुसरी संधी नाही. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. आता सोसायटीत माळी सकाळी आठला येणार आणि अकराला जाणार, संध्याकाळी एखादे रिटायर्ड काका हौसेने पाइप धरणार, आणि मधले सहा तास, जेव्हा मार्चचं ऊन मातीतला ओलावा ओढून घेत असतं, तेव्हा कोणीच नाही. बी उगवत नाही याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं. आम्ही साधे मायक्रो स्प्रिंकलर आणि नळाला लागणारा बॅटरीवरचा टायमर लावला, तो खर्च मंजूर करायला मला दोन मीटिंगा भांडावं लागलं पण मागे हटले नाही. टायमर नसेल तर ओलं गोणपाट किंवा पातळ शेडनेट अंथरा, ओलावा टिकतो आणि कबुतरंही बसत नाहीत. फक्त पहिले कोंब दिसले की त्याच संध्याकाळी काढा, एक दिवस उशीर झाला तर कोंब गोणपाटातून वर येतात आणि काढताना सगळे उपटून निघतात. आणि काकांना पाइपला शॉवरचं नोझल लावून द्या. अंगठा दाबून जी धार मारतात ना, तिने बी वाहून तिथे छोटी छोटी तळी होतात, पुढे दाट पुंजके आणि मध्ये उघडी माती.

पाण्यावरून आमच्याकडे चर्चा झालीच, होणारच, पुण्यात उन्हाळ्यात खडकवासल्याच्या साठ्याच्या बातम्या सुरू झाल्या की लॉन हा शब्द उच्चारायची सोय राहत नाही. एक स्क्वेअर मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमचा प्लॉट साधारण १११ स्क्वेअर मीटर, एप्रिलमध्ये दिवसाला ५ मिलिमीटर धरलं तर साडेपाचशे लिटर रोज. म्हणजे १०,००० लिटरचा एक टँकर अठरा दिवस. हा आकडा मी मीटिंगमध्ये मांडला तेव्हा अर्धे लोक म्हणाले एवढंच, अर्धे म्हणाले एवढं! शेवटी एसटीपीचं, म्हणजे सोसायटीच्या सांडपाण्यावर प्रक्रिया केलेलं पाणी वापरायचं ठरलं, ते तसंही वाया जात होतं. त्यात क्षार असतात, काळी माती ते धरून ठेवते, म्हणून अधूनमधून बोअरचं पाणी भरपूर सोडून माती धुवावी लागते, पण पाण्यासाठी भांडणं तरी थांबली. पोरांना मात्र लॉन ओलं असताना आत सोडायचं नाही, हा नियम पक्का.

आठवड्याभरानंतर उन्हात आडवं बघितलं तर हिरवी धूसर छटा दिसते, सरळ वरून बघितलं तर काहीच नाही. सगळीकडे एकदम येत नाही, तीन आठवड्यांपर्यंत येत राहतं, तोपर्यंत "इथे आलंच नाही" म्हणून परत बी टाकत सुटू नये. मुंग्यांची रांग दिसली तर रांग कुठे जाते ते बघा, वारुळाच्या तोंडाशी दाण्यांचा छोटा ढीग असतो, आमच्याकडे कंपाउंडच्या भिंतीखाली एक गोदामच सापडलं. उगवण झाली की पाण्याच्या वेळा कमी आणि प्रत्येक वेळचं पाणी जास्त, असं हळूहळू करायचं म्हणजे मुळं खाली जातात. रोज वरवर शिंपडत राहिलात तर मुळं वरच राहणार. महिन्याभराने स्क्वेअर मीटरला पाच ग्रॅम युरिया, संध्याकाळी, कोरड्या पात्यांवर, आणि लगेच पाणी, नाहीतर पाती करपतात. पहिली कापणी गवत दोन इंच झालं की. लोक घाबरून कापतच नाहीत, उलट कापल्यानेच ते आडवं धावायला लागतं. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही आणि ब्लेडला धार हवी, बोथट ब्लेड पातं कापत नाही, फाडतं, दुसऱ्या दिवशी सगळी टोकं पांढरी दिसतात. पिवळेपणा आला तर आधी हिराकस (फेरस सल्फेट), लिटरला पाच ग्रॅमची फवारणी, पण कडेच्या फरश्या वाचवा, तिचे गंजाचे डाग जन्मात जात नाहीत.

पावसाळ्यात फार काही करायचं नसतं. ओल्या जमिनीवर मशीन फिरवायचं नाही, पाणी साचतं तिथे बघून ठेवायचं, एवढंच.

खरी परीक्षा गणपतीत. मांडव लॉनवरच पडला, "दहाच दिवसांचा प्रश्न आहे" म्हणत. बांबूंचे खड्डे, स्टेजच्या प्लायखाली उजेड न मिळाल्याने पिवळं पडलेलं गवत, खुर्च्यांच्या रांगा, आणि आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत शंभर माणसं एकाच पट्ट्यावर. अनंत चतुर्दशीनंतर मांडव निघाला तेव्हा ग्रुपवर पहिला मेसेज आला, "नवीन बी मागवू या का?" अजिबात नाही. आधी फिरून बघायचं. प्रत्येक टकलाचं कारण वेगळं असतं आणि ते न बघता बी टाकणं म्हणजे परत तिथेच टक्कल पाडून घेणं.

स्टेजखालचं पिवळं गवत मेलेलं नव्हतं. जरा खरवडून बघितलं तर खालचे धावते कोंब पांढरट, पण कडक होते. त्याला फक्त ऊन आणि थोडं पाणी पाहिजे होतं, दसऱ्यापर्यंत ते आपोआप भरलं. तळहाताएवढी उघडी जागा असेल तिथेही बी नको, आजूबाजूचे कोंब त्यात धावतात, फार तर ते बोटाने वळवून मातीत दाबून द्यायचे. प्रसादाच्या रांगेचा पट्टा मात्र दगड झाला होता, स्क्रूड्रायव्हर इंचभरही जाईना. तिथे खणण्याचा काटा घालून माती नुसती हलवली, उलटली नाही, भोकांत कंपोस्ट भरलं. गेटपासून पार्किंगपर्यंत एक तिरकी वाट पडली होती ती गणपतीची नव्हतीच, सगळे रोज तिथूनच जातात. "लॉनवरून चालू नये" अशी पाटी लावायची सूचना आली आणि ती मी हाणून पाडली. माणसं जिथून जातात तिथून जाणारच, शहाबादीचे तुकडे टाकून ती वाट पक्की केली आणि विषय मिटला.

कडुनिंबाच्या बाजूचा एक कोपरा वेगळाच निघाला. तिथे साळुंक्या आणि कावळे सकाळपासून टोचत बसायचे. गवत हाताने ओढलं तर तुकडाच्या तुकडा मुळांशिवाय वर आला, आणि खाली पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी आकारात वळलेल्या जाड अळ्या. हुमणी. पहिल्या पावसात तिचे भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर पाला खायला येतात आणि जवळच्या जमिनीत अंडी घालतात, म्हणून तोच कोपरा. तिथे बी टाकलं असतं तर नवी कोवळी मुळं अळ्यांनी आवडीने खाल्ली असती. मामांनी खणून अळ्या वेचल्या, साळुंक्यांची चैन झाली, मग मेटारायझियम, म्हणजे हुमणीलाच मारणारी बुरशी, ओलसर मातीत मिसळली आणि मगच पेरलं. पुढच्या मे-जूनला संध्याकाळी दिव्याखाली साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवायचं असं ठरलंय. आणि गुलमोहराच्या खालची जागा, जिथे दिवसभरात दोन तास ऊन येतं, तिथला हट्ट आम्ही सोडला. सोसायटीतल्या एका काकूंनी तिथे मोंडो ग्रास आणि दोन बाक सुचवले, छान झालंय.

मधोमध पिवळं आणि भोवती गडद हिरवी कड असे गोल दिसले तर समजून जा, कुत्र्याचं काम. मधे नत्र जास्त होऊन जळतं, कडेला खत मिळतं. बादलीभर पाणी ओतून माती धुवायची, दुसरं काही नाही. कोणाचं कुत्रं हा प्रश्न ग्रुपवर विचारायचा नाही, मी विचारला नाही म्हणून आम्ही सगळे अजून बोलतो.

बांबूचे खड्डे आणि मोठी टकलं, तिथे बी. कडेचं मेलेलं गवत धारदार कुदळीने सरळ कापून काढायचं, चार इंच माती मोकळी करायची, त्याच प्रकारच्या मातीने भरायचं, बाजूपेक्षा अर्धा इंच उंच, कारण ती बसते. मग पेरणी, फळी, कंपोस्ट, सगळं तेच. पण पाण्याची भानगड होते, आजूबाजूच्या मोठ्या गवताला आठवड्यातून दोनदा पुरतं आणि या तुकड्यांना दिवसातून तीनदा लागतं. टायमरवर सगळं लॉन भिजवत बसलात तर जुन्या गवतावर बुरशी येते. तुकड्यांना झारीने वेगळं द्यायचं, आणि त्यासाठी चौथी-पाचवीच्या पोरांना एकेक तुकडा वाटून दिला, प्रत्येकाच्या नावाची आइस्क्रीमची काडी खोचून. शाळेतून आल्यावर झारी, खेळून आल्यावर झारी. एकीच्या तुकड्यात आधी उगवलं तर दुसऱ्याने रडून गोंधळ घातला, पण पाणी एकदाही चुकलं नाही. तोपर्यंत त्या भागात क्रिकेट बंद, आणि तो नियम पोरांनीच एकमेकांवर लादला.

एक राहिलं. पहिल्या पेरणीचं थोडं बी राखून ठेवा, घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये, वर तारीख आणि जात लिहून. डागडुजीला दुसऱ्या जातीचं बी आणलं तर हिरव्याची छटा वेगळी येते, पानाची रुंदी वेगळी, आणि तो तुकडा वर्षानुवर्षं ठिगळ म्हणून दिसतो. आमच्या बरणीतलं अजून मूठभर उरलंय. पुढच्या वर्षी मांडव पार्किंगमध्ये घ्यायचा ठराव मी टाकलाय, गाड्यावाले विरोधात आहेत, मतदान जानेवारीच्या मीटिंगला.